भूकंपानंतरचे तरुण मन

जपानमध्ये फुसाकिची ओमोरी नावाचे एक भूकंपशास्त्रज्ञ होऊन गेले. १८९१ साली त्यांच्या देशात नोबी भागात फार मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर कितीतरी महिने तेथील जमिनीला लहानमोठे हादरे बसत राहिले. ओमोरींनी ते हादरे मोजले, त्यांचा हिशेब मांडला आणि १८९४ साली एक साधा नियम सांगितला. मोठ्या धक्क्यानंतर जसजसा काळ जातो, तसतशी मागाहून येणाऱ्या धक्क्यांची संख्या त्या काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते. पहिल्या दिवशी जितके धक्के बसले, त्याच्या सुमारे एकदशांश दहाव्या दिवशी बसतील आणि शंभराव्या दिवशी सुमारे एकशतांश. पुढच्या शास्त्रज्ञांनी या नियमात थोडी दुरुस्ती केली. पण त्याचा गाभा आजही टिकून आहे. जमीन कितीही निष्ठुर वाटली, तरी ती हिशेबाने शांत होते.

आज आपल्यापुढे प्रश्न आहे तो असा की, त्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे मनही असेच हिशेबाने शांत होते काय? आपण सर्वजण तसे धरून चालतो. ‘काळ हेच दुःखावरचे औषध’ हे वाक्य आपण प्रत्येक सांत्वनाच्या वेळी उच्चारतो. ते सर्वस्वी खोटे नाही. भूकंपातून वाचलेल्यांपैकी बहुतेकांची मने काही महिन्यांत सावरतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. परंतु ज्यांच्या बाबतीत हे वाक्य खोटे ठरते, त्यांत कोवळ्या वयाच्या मुलामुलींचा भरणा मोठा असतो. त्यांचे दुःख नुसत्या काळाने ओसरत नाही. कधीकधी ते काळाबरोबर वाढते. त्या काळात त्यांच्याशी कोण, कसे वागले, यावर पुष्कळसे अवलंबून असते. हीच एक गोष्ट मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून मराठवाड्यातली गावे उशिरा निजली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांखालची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा मुलूख. धक्क्याचे मान होते ६.२ च्या आसपास. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ते मध्यमच म्हणावे लागेल. पण घरे होती काळ्या दगडाची, मातीत रचलेली. भिंती हात-दोन हात जाडीच्या आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारी तीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जमिनीने मारले त्याहून अधिक घराने मारले, हे जाणत्या माणसांच्या तेव्हाच ध्यानात आले होते. मुलांच्या मनावर मात या गोष्टीचा काय ठसा उमटला असेल, याचा विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला.

अशा एखाद्या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलाची आपण कल्पना करू. हा मुलगा खरा कोणी नव्हे. पण त्याच्यासारखी शेकडो मुले त्या मुलखात होती आणि जगात जेथे जेथे भूकंप होतो, तेथे तेथे ती असतात. विसर्जनाहून आल्यावर हा मित्रांबरोबर देवळाच्या पारावरच झोपला, म्हणून वाचला. घरात आई होती, धाकटी बहीण होती. उजाडेपर्यंत तो हातांनी दगड उपसत राहिला. दोघी सापडल्या; पण जिवंत नव्हे. पुढच्या दिवसांत बापाला त्याने सावरले, मदतीच्या रांगेत उभा राहिला, पत्रे वाहिले, पाहुण्यांना पाणी दिले. आलागेला म्हणे, “पोरगा मोठा धीराचा. एक टिपूस काढले नाही त्याने.” वर्ष उलटले आणि हाच मुलगा कोणी काही बोलले की अंगावर धावून जाऊ लागला. वर्गात त्याचे लक्ष लागेना. दाराजवळचा बाक सोडून तो दुसरीकडे बसेना. सणासुदीला घरातून नाहीसा होऊ लागला. आता तीच माणसे म्हणू लागली, “पोरगे वाया गेले.”

श्रोतेहो, माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही निवाडे चुकीचे होते. तो पहिल्या वर्षी जितका ‘धीराचा’ नव्हता, तितकाच दुसऱ्या वर्षी ‘वाया गेलेला’ही नव्हता. दोन्ही वेळी तो एकच गोष्ट सांगत होता. ती ऐकायला कोणी थांबले नाही एवढेच.

ती गोष्ट कोणती, हे समजण्यासाठी प्रथम भय म्हणजे काय ते पाहू. आपल्या मेंदूच्या आतल्या बाजूस बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. संकटाची चाहूल लागताच तो विचाराची वाट न पाहता सर्व शरीराला जागे करतो. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत रक्त धावते. ही निसर्गाची योजना फार शहाणपणाची आहे; कारण भिंत कोसळत असताना विचार करीत बसणारा वाचत नाही. अडचण पुढे येते. एवढ्या मोठ्या प्रसंगात हा पहारेकरी जे शिकतो, ते सहजासहजी विसरत नाही. त्या वेळचा आवाज, अंधार, धुळीचा वास, हे सारे तो धोक्याच्या खुणा म्हणून नोंदवून ठेवतो आणि नंतर यातली एखादी खूण दिसली की पुन्हा आरोळी ठोकतो. रस्त्याने जड मालमोटार गेली, दार धाडकन आपटले, पत्रा वाजला, की मूल दचकून बाहेर धावते. त्याला भूकंप झालेला नाही हे कळत असते. पण त्याच्या शरीराला ते पटत नाही. स्थिर जमीन हलल्याचा भास तर वडीलधाऱ्यांनाही होतो. जपानी लोकांनी त्याला ‘भूकंपाची गुंगी’ अशा अर्थाचा शब्दच बनविला आहे.

अशा अवस्थेत झोप तुटते, वाईट स्वप्ने पडतात, भूक मंदावते, पाठ केलेले आठवत नाही. अभ्यासाबाबत तर मुलांवर फार अन्याय होतो. ज्याचे अर्धे लक्ष छताकडे आणि दाराकडे लागलेले आहे, त्याचे उरलेले अर्धेच लक्ष फळ्याकडे असणार. त्याला आळशी किंवा मठ्ठ म्हणण्यात काय अर्थ? पहिल्या काही आठवड्यांत हे सर्व होणे हा रोग नव्हे. जे घडले ते असाधारण होते. त्याला मनाने दिलेले उत्तर स्वाभाविकच आहे. परंतु महिना उलटून गेल्यावरही हीच लक्षणे जोर धरून राहिली, मूल त्या आठवणी टाळण्यासाठी आपले हिंडणेफिरणे, बोलणे, खेळणेच आखडते घेऊ लागले, तर त्यास वैद्यक आघातोत्तर ताणविकार असे नाव देते. १९८० सालापासून हे नाव वैद्यकाच्या अधिकृत परिभाषेत आले; दुःख मात्र माणसाइतकेच जुने आहे.

आता कोणी म्हणेल की हे तर लहानथोर सर्वांनाच लागू आहे; मग तरुणांचाच वेगळा विचार कशासाठी? त्याचे कारण त्या वयाच्या स्वभावात आहे. लहान मूल घाबरले तर आईला बिलगते, अंथरूण ओले करते, रडते. त्याचे भय सर्वांना दिसते आणि कोणीतरी त्याला उचलून घेते. प्रौढ माणसाला आपले दुःख सांगण्याची जागा असते. त्याच्या रडण्याला समाजाने मान्यता दिलेली असते. तेरा ते वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी या दोहोंच्या मध्ये सापडते. बिलगण्याचे वय गेले आणि मोठेपणाचा मान अजून मिळालेला नाही. घरातली मोठी माणसे आधीच खचलेली असतात. त्यांच्या दुःखात आपली भर नको, म्हणून ही मुले तोंडाला कुलूप लावतात. आईबाप समजतात, मुलाला फारसे काही वाटत नसावे. मूल समजते, आईबापांना आपले ऐकवणार नाही. अशा रीतीने परस्परांवरील मायेपोटीच घरात मौन पसरते.

शिवाय हे वय म्हणजे पुढचा रस्ता शोधण्याचे वय. मी कोण होणार, काय शिकणार, कोणावर विश्वास ठेवणार, जगात न्याय आहे की नाही, असे प्रश्न याच वयात प्रथम खऱ्या अर्थाने पडतात. ऐन त्या वेळी एका पहाटेत सारे होत्याचे नव्हते झाले, तर ‘शिकून तरी काय करायचे?’ हा विचार मनात घर करतो. काही मुले एका रात्रीत म्हातारी होतात. बापाचे शेत, भावंडांची वेणीफणी, चूल, सारे त्यांच्या अंगावर पडते आणि त्यांचे तारुण्य न जगताच संपते. मुलींच्या बाबतीत तर ‘आईविना पोर, जबाबदारी कोण घेणार’ म्हणून लग्नाची घाई होण्याचे भय असते. काही मुले उलट मागे सरकतात. सोळाव्या वर्षी एकट्याने परसात जायला भितात आणि त्या भीतीची लाज वाटून अधिकच कोपऱ्यात जातात. दोन्हींत वाढ अडते; एकीत घाईने, दुसरीत भयाने.

आता आपण आर्मेनियाकडे वळू. कारण या प्रश्नाचा फार बारकाईने विचार तेथे झाला आहे. ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी तेथे भूकंप झाला. शाळा भरलेल्या होत्या. स्पिताक हे गाव जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले, ग्युमरी या मोठ्या शहराचा बराच भाग कोसळला आणि निदान पंचवीस हजार माणसे मेली. राजधानी येरेवान दूर असल्यामुळे पुष्कळशी बचावली. अमेरिकेतील मनोवैद्य आर्मेन गोएंजियन, रॉबर्ट पायनूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षानंतर या तिन्ही ठिकाणच्या मुलांची तपासणी केली. स्पिताकमध्ये लक्षणे सर्वांत तीव्र, ग्युमरीत त्याहून कमी आणि येरेवानमध्ये सर्वांत सौम्य, असा सरळ उतार त्यांना आढळला. याचा अर्थ ध्यानात घ्या. मुलाचे मन कमकुवत म्हणून ते आजारी पडले, ही समजूत येथे टिकत नाही. ज्याने जितके अधिक पाहिले आणि गमावले, त्याला तितका अधिक त्रास झाला. जखम किती खोल हे घावावरून ठरते, एवढे आपण मान्य केले तरी मुलांवरचे अर्धे ओझे उतरेल.

या मंडळींनी मुलांच्या दुःखाचे पाच धागे वेगळे केले. पहिला धागा प्रत्यक्ष प्रसंगाचा: काय पाहिले, काय ऐकले, त्या क्षणी काय वाटले. दुसरा आठवण करून देणाऱ्या खुणांचा. त्याविषयी आपण बोललोच. तिसरा मागाहून येणाऱ्या हालअपेष्टांचा. चौथा मृत्यूच्या शोकाचा. आणि पाचवा वाढ अडण्याचा. हे पाचही धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि गुंता सोडवायचा तर एकेक धागा ओळखावा लागतो.

यातल्या शोकाच्या धाग्याकडे जरा लक्ष द्या. घरात कोणी आजारपणाने गेले तर आपण त्या माणसाच्या आठवणी काढतो, रडतो, हसतोही आणि हळूहळू दुःख पचते. पण आमच्या त्या मुलाला आई आठवू लागली की पहिल्याने दिसते ती दगडांखालून काढलेली आई. मायेची आठवण आणि भयाची आठवण एकाच दाराने आत येतात. भय नको म्हणून तो दारच लावून घेतो आणि त्याबरोबर आईलाही बाहेर ठेवतो. म्हणून तो रडत नाही. त्याच्या जोडीला अपराधाची बोच असते. ‘मी पारावर का झोपलो? मी घरात असतो तर बहिणीला बाहेर ओढले असते. मी आधी दुसऱ्याच कोपऱ्यातले दगड का उपसले?’ हे प्रश्न तो कोणाला विचारीत नाही. पण रोज रात्री स्वतःला विचारतो. अनंत चतुर्दशी जवळ आली की तो घरातून का नाहीसा होतो, हे आता आपल्या ध्यानात येईल.

तिसरा धागा, हालअपेष्टांचा, हा सर्वांत दुर्लक्षित. भूकंप काही सेकंदांचा असतो. त्यानंतरचे पत्र्याचे घर वर्षानुवर्षांचे असते. ग्युमरीत लोक लोखंडी खोक्यांसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यात कित्येक वर्षे राहिले. त्यातच अणुवीजकेंद्र बंद झाल्याने आणि पुढे युद्धामुळे कडाक्याच्या हिवाळ्यात विजेची आणि उबेची टंचाई आली. आपल्याकडे जागतिक बँकेच्या साह्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला आणि ५२ गावे नव्या जागी वसली. घरे भक्कम मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जुन्या गावात घराला घर लागून होते, गल्ली होती, पार होता. नव्या गावात सरळ रेषेतले रुंद रस्ते आले आणि घरे दूर दूर गेली. कोणता शेजारी कोठे गेला, हे तरुणाच्या दृष्टीने सिमेंटच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे असते. कारण त्याचे अर्धे बोलणे घरात होत नाही, ते पारावर होते. पार नाहीसा झाला की त्याच्या मनाची एक बैठक नाहीशी होते.

शाळेचेही तसेच आहे. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभे राहिले आणि पोरक्या मुलांना तेथे निवारा मिळाला. दोन्ही वाटा वेगळ्या असल्या तरी त्यांत एक समान जाण होती: मुलाला अन्नवस्त्राइतकीच रोजच्या शाळेची गरज असते. घंटा वाजते, हजेरी होते, उद्याचा गृहपाठ मिळतो, याचा अर्थ उद्या येणार आहे असे कोणीतरी गृहीत धरले आहे. ज्याच्या मनातला ‘उद्या’च ढासळला, त्याला याहून मोठा दिलासा कोणता? २००८ साली चीनमधल्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला, तेव्हा तडाखा बसलेल्या भागात महाविद्यालयीन प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा पुढे ढकलण्यात आली. परीक्षा रद्द न करता पुढे ढकलणे, यात दोन्ही गोष्टी आल्या: तुझे दुःख आम्ही जाणतो आणि तुझे भविष्य आम्ही सोडून दिलेले नाही.

आता ज्या निष्कर्षासाठी मी आपल्याला आर्मेनियात नेले, तो सांगतो. ग्युमरीतल्या काही शाळांत, वर सांगितलेले पाच धागे धरून, मुलांसाठी एक छोटा उपचार योजण्यात आला. वर्गात काही सामूहिक बैठका आणि प्रत्येकाशी थोडे वैयक्तिक बोलणे, एवढाच तो होता. मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे सर्व शाळांना तो मिळू शकला नाही. त्यामुळे उपचार मिळालेल्या ३५ आणि न मिळालेल्या २९ मुलांची तुलना करता आली. भूकंपानंतर तीन वर्षांनी पाहिले तेव्हा उपचार मिळालेल्या मुलांची ताणविकाराची लक्षणे बरीच उतरली होती आणि त्यांची खिन्नता निदान वाढली तरी नव्हती. ज्यांना उपचार मिळाला नाही, त्यांची लक्षणे मात्र दीड वर्षाच्या वेळेपेक्षा वाढली होती आणि खिन्नताही वाढली होती. मुलांची संख्या थोडी होती आणि त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे सांगितले पाहिजे. तरीही यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ओमोरींचा नियम मनाला लागू पडत नाही. जमिनीचे हादरे वाट पाहून कमी झाले. मुलांच्या मनाचे हादरे नुसती वाट पाहिल्याने वाढले. आणि ते कमी करण्यास लागले ते काही बैठकांचे, नीट समजून केलेले बोलणे.

मग आपण काय करावे? हा प्रश्न केवळ मनोवैद्यांचा नाही. तो शिक्षकांचा, आईबापांचा, शेजाऱ्यांचा आहे.

पहिल्या दिवसांत करायचे ते साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मदतकार्य करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचा सारांश तीन क्रियापदांत सांगता येतो: पाहा, ऐका, जोडून द्या. मूल सुरक्षित आहे का, जखमी आहे का, उपाशी आहे का, हे पाहा. त्याला बोलायचे असेल तर ऐका. त्याला त्याच्या माणसांशी आणि आवश्यक त्या मदतीशी जोडून द्या. यात ‘बोलते करा’ असे कोठेही म्हटलेले नाही. पूर्वी अशी समजूत होती की आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाकडून सारा प्रसंग एकदा वदवून घेतला की मन मोकळे होते. अभ्यासांती असे एका बैठकीत उरकणारे वदवून घेणे उपयोगाचे ठरले नाही. तेव्हा वार्ताहराने किंवा मदतनिसाने मुलासमोर बसून ‘तुझी आई कशी गेली?’ असे विचारू नये. दार उघडे ठेवावे. ढकलून आत शिरू नये.

दुसरे, घरात खरे बोलावे. ‘आई गावाला गेली’ असे लहानांना आणि ‘आता विसरून जा’ असे थोरांना सांगू नये. बापाने मुलासमोर डोळे पुसले तर मूल खचत नाही. उलट त्याला रडण्याची परवानगी मिळते. भूकंप कसा होतो, मागाहून धक्के का येतात आणि ते हळूहळू कमी का होतात, हेही मुलांना समजावून द्यावे. भूगोलाचा हा धडा त्या दिवसांत औषधाचे काम करतो. कारण ज्याचे कारण कळते त्याचे भय थोडे तरी कमी होते.

तिसरे, तरुणाला काम द्यावे; पण त्याला राबवू नये. १९९५ साली जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा देशभरातून असंख्य लोक आणि विशेषतः तरुण मदतीला धावले. ते वर्ष तेथे स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणून ओळखले जाते. ‘आपण काहीच करू शकलो नाही’ ही बोच दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने बोथट होते. मात्र धाकट्यांना गोष्टी सांगणे, वाचनालय लावणे, धान्याची नोंद ठेवणे ही कामे निराळी आणि प्रेते उचलणे निराळे. काम असे द्यावे की ज्यानंतर मुलाला खेळायला वेळ उरेल.

चौथे, शिक्षकाने महिन्यांचा नव्हे, वर्षांचा हिशेब धरावा. कोबेत भूकंपानंतर मुलांच्या मनाची काळजी घेण्यासाठी शाळाशाळांत खास शिक्षक नेमण्यात आले होते. आपल्याला तेवढे जमले नाही तरी प्रत्येक शिक्षकाला काही गोष्टी सहज करता येतील. दाराजवळ बसू पाहणाऱ्याला तेथे बसू द्यावे. वर्गातून बाहेर पडण्याचा सराव सर्वांकडून करून घ्यावा, म्हणजे भयाच्या जागी कृती येते. गुण एकाएकी घसरले, चिडचिड वाढली, तर छडीच्या आधी प्रश्न यावा: “झोप लागते का रे?” आणि भूकंपाचा दिवस जवळ आला की मुलांवर विशेष लक्ष ठेवावे. त्या दिवशी गावाने एकत्र येऊन गेलेल्यांची नावे घ्यावीत, दिवा लावावा. सर्वांनी मिळून काढलेली आठवण एकट्याने सोसलेल्या आठवणीपेक्षा हलकी असते.

पाचवे, कोणाला वैद्याकडे न्यावे हे ओळखावे. महिन्यानंतरही झोप नाही, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, मूल मित्रांपासून तुटले आहे, दारू किंवा नशेकडे वळले आहे, ‘जगून काय उपयोग’ असे बोलते आहे, तर वेळ दवडू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे मायेने आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज खोटा आहे. विचारल्याने मुलाचे एकटेपण कमी होते. आज उपचार उपलब्ध आहेत. प्रशिक्षित माणसाच्या साह्याने तो प्रसंग सुरक्षित जागी, हळूहळू, मुलाच्या गतीने सांगणे आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परतणे, हा त्यांचा गाभा आहे. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून चालू आहे. तेथे फोन करणे म्हणजे वेडाचा शिक्का घेणे नव्हे, हे मुलांना आणि त्याहून अधिक त्यांच्या आईबापांना सांगितले पाहिजे.

शेवटी आपल्या त्या मुलाकडे परत जाऊ. त्याला काय मिळाले असते तर पुरले असते? फार काही नव्हे. ‘धीराचा’ म्हणून पाठ थोपटताना एखाद्याने विचारले असते, “रात्री काय करतोस?” एखाद्या शिक्षकाने त्याला सांगितले असते की काळोख्या पहाटे, एका क्षणात, दगडांच्या त्या राशीत कोठून सुरुवात करायची हे कोणालाच कळले नसते, बहीण गेली ती तुझ्या चुकीने नव्हे. एखाद्या आत्याने त्याच्याजवळ बसून त्याच्या आईच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या असत्या, म्हणजे दगडांखालच्या आईच्या मागे उभी असलेली खरी आई त्याला पुन्हा दिसली असती. आणि हे सारे एकदा नव्हे. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी.

किल्लारीच्या त्या पहाटे जी मुले सोळा वर्षांची होती, ती आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी घरे बांधली, संसार केले, मुलांना शिकविले. माणसाचे मन किती चिवट असते याची ती जिवंत साक्ष आहे. पण त्यांच्यात असेही कोणी असतील की ज्यांना इतक्या वर्षांत तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. तसे कोणी आपल्या ओळखीचे असेल तर अजूनही विचारावे. त्याला उशीर होत नाही. आणि पुढचा भूकंप केव्हा होईल हे सांगणे शास्त्राला अजून साधलेले नाही. त्यानंतर मुलांशी कसे वागावे हे मात्र आपल्याला आज ठाऊक आहे. घरे पक्की बांधण्याची सिद्धता आपण जशी भूकंपाआधी करतो, तशीच ही सिद्धताही आधीच करून ठेवली पाहिजे.